पपी लिनक्सवर नेटसर्फ: जुन्या संगणकावर हलका ब्राउझर नीट बसवण्याचा आणि त्याच्याकडून काम करून घेण्याचा क्रम

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत, राजारामपुरीत, आणि करवीर तालुक्यातल्या गावांतल्या वाचनालयांत व दूध संस्थांत असे कितीतरी संगणक पडून आहेत, ज्यांत १ जीबी रॅम आहे आणि विंडोज आता चालत नाही. त्यावर पपी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी एक हलकी प्रणाली, छान चालतं. पेन ड्राइव्हवरून सुरू होतं, सगळं रॅममध्ये चढतं आणि हार्ड डिस्क बिघडलेली असली तरी अडत नाही. तरीही आठवड्यातून दोनतीनदा मला फोन येतो. "पपी टाकलं, ब्राउझर टाकला, पण एकही साइट उघडत नाही", "मराठी मोडकं दिसतंय", "काल केलेलं सगळं आज गायब".

यातल्या बहुतेक तक्रारींत ब्राउझरचा दोष नसतो, क्रम चुकलेला असतो. तारीख, सेव्ह, फॉन्ट, मग ब्राउझर आणि सर्वात शेवटी स्क्रिप्ट (आज्ञा लिहिलेली छोटी फाइल), असा क्रम आहे. लोक ब्राउझरपासून सुरुवात करतात आणि मागच्या तीन गोष्टींचा त्रास त्याच्या माथी मारतात.

टाइप करण्याबद्दल आधीच सांगतो. आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. मोकळी जागा जिथे दिसते तिथेच द्या.

## तयारी: काय हाताशी हवं

किमान ४ जीबीचे दोन पेन ड्राइव्ह घ्या, एक चालवायला आणि एक प्रत ठेवायला. मराठी फॉन्टची फाइल दुसऱ्या संगणकावरून आधीच उतरवून ठेवा. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी, कुठलाही चालेल. शिवाय सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी एक आणून ठेवा. ती कशाला, ते पहिल्या टप्प्यात कळेल.

पपीची ३२ बिटची आणि ६४ बिटची आवृत्ती वेगळी असते. संगणकाचा प्रोसेसर फार जुना असेल तर ३२ बिटची घ्या. ६४ बिटच्या यंत्रावरही रॅम १ जीबी किंवा कमी असेल तर ३२ बिटच बरी, कारण तीच कामं ती थोड्या कमी रॅममध्ये करते.

## टप्पा १: तारीख आणि प्रमाणपत्रं

पपी सुरू झाल्यावर सगळ्यात आधी खाली कोपऱ्यातलं घड्याळ बघा. वेळ नाही, वर्ष बघा.

जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख मागे उडी मारते, २००५ किंवा २०१० अशी. आता आजची जवळजवळ प्रत्येक साइट सुरक्षित जोडणीतून येते आणि त्या जोडणीसाठी साइट एक प्रमाणपत्र दाखवते. त्या प्रमाणपत्रावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध" असं लिहिलेलं असतं. तुमचा संगणक २०१० मध्ये असेल तर त्याच्या हिशोबाने हे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. तो जोडणी नाकारतो, आणि तुम्हाला वाटतं ब्राउझर खराब आहे.

बॅटरी बदला. मग मेनूतलं पीसिंक चालवा, ते इंटरनेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरकडून वेळ आणतं. या कामाला प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे तारीख चुकलेली असतानाही ते चालतं. देश-वेळ निवडताना कोलकाता निवडा, सगळ्या भारताची वेळ त्याच नावाखाली आहे.

तारीख बरोबर असूनही काही साइट उघडतात आणि काही उघडत नाहीत, असंही होतं. तेव्हा पपीची जुनी आवृत्ती हे कारण असण्याची शक्यता मोठी आहे. मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. त्याआधीच्या पपीत नवं मूळ प्रमाणपत्र नसेल तर अशा साइट अडतात. पपी पॅकेज मॅनेजरमध्ये 'सीए-सर्टिफिकेट्स' शोधून नवं घाला, नाहीतर सरळ पपीचीच नवी आवृत्ती घ्या. मी दुसरा मार्ग सुचवेन, एकदाच त्रास होतो.

तपासणी: संगणक बंद करा, मागची वायर काढा, दहा मिनिटं थांबून परत सुरू करा. वर्ष बरोबर असेल तरच पुढे जा.

## टप्पा २: सेव्ह फाइल

लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

पपी रॅममध्ये चालतं. तुम्ही घातलेला फॉन्ट, बसवलेला ब्राउझर, लिहिलेली स्क्रिप्ट, सगळं आधी रॅममध्येच असतं. पहिल्यांदा संगणक बंद करताना पपी विचारतं, "सत्र जतन करायचं का?" घाईत "नको" दाबलं की सगळं गेलं. म्हणून पुढचं काहीही करण्याआधी, रिकाम्या अवस्थेतच, एकदा बंद करा आणि सेव्ह तयार करून घ्या.

पेन ड्राइव्ह विंडोजच्या पद्धतीने, म्हणजे फॅट३२ मध्ये बांधलेला असेल तर 'सेव्ह फाइल' निवडा. सेव्ह फोल्डर फक्त लिनक्सच्या फाइल पद्धतीवर चालतो. फाइलचा आकार ५१२ एमबी ठेवा. यापेक्षा कमी ठेवलेली माणसं महिन्याभरात "जागा संपली" म्हणून फोन करतात.

पुन्हा सुरू केल्यावर डेस्कटॉपवर 'सेव्ह' असं चित्र दिसेल. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या पपीत रॅममधले बदल ठरावीक वेळाने किंवा बंद करताना पेन ड्राइव्हवर उतरतात. मधे वीज गेली तर शेवटच्या सेव्हनंतरचं काम हातात राहत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. एका जुलैत दोन तास बसून लिहिलेली स्क्रिप्ट मी अशीच घालवली आहे. त्या दिवसापासून प्रत्येक टप्प्यानंतर मी ते चित्र दाबतो, तुम्हीही दाबा.

इशारा: सेव्ह चालू असताना पेन ड्राइव्ह काढू नका. पेन ड्राइव्हवरचा दिवा लुकलुकायचा थांबला म्हणजे झालं, असंही धरू नका. पडद्यावरचा संदेश जाईपर्यंत थांबा.

## टप्पा ३: मराठी

क्विक सेटअपच्या खिडकीत यूटीएफ-८ ची (मराठीसह सगळ्या लिप्या साठवण्याच्या पद्धतीची) एक चौकट असते. तिच्यात खूण करा. ही राहिली तर फाइलींची मराठी नावं प्रश्नचिन्हं होतात आणि पुढे स्क्रिप्टही फसते.

मग फॉन्ट. रूट फोल्डर उघडा, वरच्या पट्टीतल्या डोळ्याच्या चित्रावर टिचकी मारा. लपलेले फोल्डर दिसू लागतील, ज्यांची नावं टिंबाने सुरू होतात. त्यात 'टिंब-फॉन्ट्स' (टिंब आणि लगेच नाव, मधे रेघ नाही) नावाचा फोल्डर नसेल तर तयार करा आणि फॉन्टची फाइल त्यात टाका. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून 'एफसी-कॅश' चालवा, यातलं कॅश म्हणजे सी-ए-सी-एच-ई. बस्स.

तपासणी: जीनी संपादक उघडून हे शब्द लिहा किंवा चिकटवा: किती, दुसऱ्या, राष्ट्र, ज्ञान, शर्करा. 'किती'मधली वेलांटी क च्या डावीकडे आली पाहिजे, 'दुसऱ्या'तला र अर्ध्या चंद्रासारखा वळला पाहिजे, 'शर्करा'चा रफार क च्या डोक्यावर बसला पाहिजे. चौकोन दिसले तर फॉन्ट पोचलेला नाही. अक्षरं दिसतात पण सुटी सुटी दिसतात, तर फॉन्ट पोचला आहे आणि तो कार्यक्रम अक्षरं जोडत नाही. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत, मिसळू नका.

टर्मिनलच्या खिडकीत मराठी बहुधा सुटंच दिसेल. तिथे दुरुस्तीच्या मागे लागू नका. आपण मराठी मजकूर फाइलीत घेऊन जीनीत वाचणार आहोत.

## टप्पा ४: ब्राउझर निवडणं आणि बसवणं

डिल्लो हा आणखी हलका ब्राउझर आहे आणि इंग्रजी पानांसाठी मला तो आवडतो. पण तो ज्या साधनांवर बांधला आहे, त्यांत देवनागरी जोडण्याची सोय सहसा नसते. 'किती'ची पहिली वेलांटी क च्या उजवीकडे लोंबते. कितीही फॉन्ट बदला, फरक पडत नाही. मराठी वाचायचं असेल तर नेटसर्फ घ्या, त्यातही जीटीके असं नाव असलेलं पॅकेज. ते पँगो या साधनाकडून अक्षरं मांडून घेतं, त्यामुळे जोडाक्षरं नीट येतात.

पपी पॅकेज मॅनेजरमध्ये 'नेटसर्फ' शोधा. त्याला लागणाऱ्या बाकीच्या गोष्टीही घेऊ का, असं विचारलं की हो म्हणा. सोबतच 'डब्ल्यू३एम' हेही घ्या. तो अक्षरांपुरता ब्राउझर आहे आणि स्क्रिप्टसाठी तोच कामाचा आहे.

तपासणी: टर्मिनलमध्ये 'नेटसर्फ' एवढं टाइप करून टॅब दाबा. पुढे 'जीटीके' किंवा 'जीटीके३' जोडलं गेलं तर ते पूर्ण नाव कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सेव्ह.

## टप्पा ५: नेटसर्फची घडी बसवणं

एडिट मेनूतून प्रेफरन्सेस उघडा आणि एवढं करा:

१. जावास्क्रिप्ट (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारा कार्यक्रम) बंद. नेटसर्फची जावास्क्रिप्ट अर्धवट आहे. चालू ठेवली की पान हळू होतं आणि मिळत काहीच नाही.

२. जाहिराती लपवा, पॉप-अप रोखा.

३. किमान अक्षर आकार वाढवा. इंग्रजीला पुरणारा आकार मराठीला पुरत नाही, उकार आणि रफार गिचमीड होतात. मी ११ च्या खाली जात नाही.

४. डिस्क कॅशेची, म्हणजे बघितलेल्या पानांच्या साठवलेल्या प्रतींची, मर्यादा कमी करा. मूळ मर्यादा आपल्या सेव्ह फाइलपेक्षा मोठी असू शकते. महिन्याभराने "जागा संपली" येतं, ते याच्यामुळेच.

या सगळ्या निवडी 'चॉइसेस' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत राहतात, प्रत्येक ओळीत नाव, विसर्गचिन्ह, किंमत. ती रूटमधल्या 'टिंब-कॉन्फिग' फोल्डरात, नेटसर्फच्या उपफोल्डरात असते. दहा संगणकांवर हेच करायचं असेल तर ही एक फाइल नेली की झालं. मात्र हातानं बदलण्याआधी नेटसर्फ पूर्ण बंद करा. ती फाइल तो सुरू होतानाच वाचतो.

इशारा: सातबारा, बँक, रेल्वेचं तिकीट, परीक्षेचे अर्ज ही कामं नेटसर्फवर होणार नाहीत. ती पानं पूर्ण जावास्क्रिप्टवर उभी आहेत. शिवाय पपीत आपण रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकार घेऊन वावरत असतो. अशा यंत्रावर बँकेचा पासवर्ड टाइप करू नये, हे मी वाचनालयातल्या प्रत्येकाला बजावून सांगतो. बातम्या, बाजारभाव, विश्वकोश, निकालाची साधी पानं यांसाठी नेटसर्फ उत्तम आहे.

उतरवलेली फाइल सापडत नाही ही तक्रारही इथलीच. नव्या पपीत ब्राउझर 'स्पॉट' नावाच्या कमी अधिकाराच्या वापरकर्त्याच्या नावे चालवायची सोय आहे. तसं असेल तर उतरवलेल्या फाइली स्पॉटच्या डाउनलोड्स फोल्डरात जातात, रूटच्या नाही. आधी तिथे बघा.

## टप्पा ६: स्वतःचं मुखपान

हलक्या ब्राउझरवर शोधयंत्रातून फिरणं जड जातं. त्यापेक्षा संगणकातच एक मुखपान करा. जीनीत एक एचटीएमएल फाइल (वेबपानाची फाइल), आत आठदहा दुवे. आमच्याकडच्या पानावर मराठी विश्वकोश, मराठी विकिपीडिया, शिवाजी विद्यापीठ, हवामान, गुळाचे आणि भाजीपाल्याचे बाजारभाव, दोन दैनिकं, आणि पावसाळ्यात पंचगंगा नदीची पाणीपातळी असे दुवे आहेत.

फाइलीच्या डोक्यात 'मेटा चारसेट यूटीएफ-८' ही ओळ विसरू नका. ती नसेल तर मराठीच्या जागी परकी, खुणा लावलेली रोमन अक्षरं दिसतात. लोक परत फॉन्टच्या मागे लागतात आणि अख्खी दुपार जाते.

दुवा मुखपानावर घालण्याआधी तो नेटसर्फमध्ये उघडून बघा. पांढरं पान आलं तर तो दुवा नकोच.

## टप्पा ७: ब्राउझर सुरू करणारी छोटी स्क्रिप्ट

रूट फोल्डरात 'नेट' नावाची फाइल जीनीत करा. चार ओळी:

१. हॅशचं चिन्ह, उद्गारचिन्ह, लगेच /बिन/एसएच. मधे मोकळी जागा नाही.

२. एक्स्पोर्ट एक्सडीजी_कॅश_होम=/टीएमपी. यात 'एक्स्पोर्ट' आणि 'टीएमपी' छोट्या अक्षरांत, मधलं नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत. यामुळे कॅश सेव्ह फाइलीत न जाता रॅममध्ये राहते आणि बंद केल्यावर पुसली जाते.

३. पीसिंकने वेळ लावल्याची खात्री म्हणून 'डेट' आज्ञेचा निकाल /टीएमपी मधल्या एका फाइलीत लिहा. कोणाचा फोन आला की मी आधी ही फाइल उघडायला सांगतो.

४. एक्झेक, मोकळी जागा, नेटसर्फचं कागदावर लिहिलेलं पूर्ण नाव, मोकळी जागा, मग दुहेरी अवतरणात डॉलर आणि ॲट.

शेवटच्या ओळीतली अवतरणं गाळू नका. स्क्रिप्टला दिलेला पत्ता जसाच्या तसा ब्राउझरपर्यंत नेणं हे त्यांचं काम. ती नसतील तर मोकळी जागा असलेल्या फाइलीचं नाव, समजा 'बाजार भाव', दोन तुकडे होऊन जातं आणि हवं ते पान उघडत नाही.

फाइलीवर उजवी टिचकी, परमिशन्स, आणि चालवण्याची परवानगी द्या. मग ती ओढून डेस्कटॉपवर आणा. पपीच्या 'डिफॉल्ट ॲप्लिकेशन्स'मध्ये ब्राउझर म्हणूनही हीच फाइल द्या, म्हणजे कुठूनही दुवा उघडला तरी याच वाटेने जाईल.

स्क्रिप्ट चालत नसेल तर या तीन जागी बघा:

- फाइल फॅट३२ पेन ड्राइव्हवरच ठेवली आहे. तिथे चालवण्याची परवानगी टिकत नाही. आधी रूटमध्ये आणा.
- फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिली आहे. तिथे ओळ संपल्याची खूण वेगळी असते आणि पपी "सापडत नाही" म्हणतं, फाइल समोर दिसत असली तरी. जीनीत डॉक्युमेंट मेनूतून ओळीची खूण युनिक्सची करून जतन करा.
- मोबाइलवरून चिकटवताना सरळ अवतरणांची वळलेली अवतरणं झाली आहेत. ती पुसून हातानं टाइप करा.

## टप्पा ८: पाणीपातळी आणणारी स्क्रिप्ट

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. जुलै-ऑगस्टमध्ये चिखली, आंबेवाडीकडची माणसं दिवसातून दहा वेळा हा आकडा बघतात. दर वेळी अख्खं पान उघडण्यापेक्षा संगणकाने तासातून एकदा तेवढी ओळ आणून ठेवावी.

आधी हातानं तपासा. टर्मिनलमध्ये 'डब्ल्यू३एम -डंप' आणि पुढे दुहेरी अवतरणात पानाचा पत्ता द्या. पानातला मजकूर साध्या अक्षरांत येईल. त्यात आकडा दिसला तरच पुढे जा. अनेक ठिकाणी आकडा चित्रात किंवा पीडीएफमध्ये असतो किंवा जावास्क्रिप्टने मागाहून भरला जातो. तिथे ही पद्धत चालणार नाही, दुसरं पान शोधा.

आता रूट फोल्डरातच 'पातळी' नावाची स्क्रिप्ट करा आणि तिलाही 'नेट'सारखीच चालवण्याची परवानगी द्या. यातली ग्रेप ही आज्ञा दिलेला शब्द असलेल्या ओळी शोधते:

१. पहिली ओळ वरच्यासारखीच.

२. टाइमआउट ६० डब्ल्यू३एम -डंप -कॉल्स २०० -ओ यूटीएफ-८ "पत्ता" > /टीएमपी/नवी

३. इफ ग्रेप -क्यू "राजाराम" /टीएमपी/नवी

४. देन

५. डेट > /रूट/पाणी

६. ग्रेप "राजाराम" /टीएमपी/नवी >> /रूट/पाणी

७. एल्स

८. एको "माहिती मिळाली नाही" > /रूट/पाणी

९. डेट >> /रूट/पाणी

१०. फाय (इफची अक्षरं उलटी)

दुसऱ्या ओळीत बरंच काही आहे. ६० म्हणजे मिनिटभरात पान आलं नाही तर सोडून दे. 'कॉल्स' (सी-ओ-एल-एस) पुढचे २०० ही रुंदी आहे. ती दिली नाही तर तक्ता पडद्याच्या रुंदीत मोडतो, बंधाऱ्याचं नाव एका ओळीत आणि फूट दुसऱ्या ओळीत जातात. 'ओ' मोठ्या अक्षरात लिहा, छोट्या ओचा अर्थ वेगळा आहे. तो मजकूर यूटीएफ-८ मध्ये मागतो. नाव आणि आकडा मुळातच वेगळ्या ओळींत असतील तर सहाव्या ओळीत ग्रेपनंतर '-ए २' घाला, ए मोठा. सापडलेल्या ओळीखालच्या आणखी दोन ओळी मिळतील.

पाचव्या ओळीत एक बाण, सहाव्यात दोन. एक बाण जुनं पुसून लिहितो, दोन बाण खाली जोडतात. सहाव्यात एकच दिला तर तारीख पुसली जाते. आणि तारीख नसलेला पाण्याचा आकडा कोणाला दाखवू नये.

शोधायचा शब्द मुद्दाम 'राजाराम' घेतला आहे. मराठीत 'बंधाऱ्या'तला र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, ग्रेपला ते वेगळे शब्द वाटतात आणि काहीच सापडत नाही. साधी अक्षरं आणि काना एवढ्यावर भागणारा शब्द निवडा.

आठवी-नववी ओळ काढून टाकू नका. लोक म्हणतात, पान मिळालं नाही तर जुना आकडा राहू दे. नको. नेट पहाटे गेलं आणि फाइलीत रात्रीचे ३८ फूट तसेच राहिले, तर सकाळी बघणारा माणूस निर्धास्त होतो. या यंत्रावर विसंबून घर सोडायचं की नाही हे ठरवायचं नाही. त्यासाठी प्रशासनाची सूचना आणि गावातला भोंगा आहे. हे फक्त वारंवार पान उघडण्याचा खटाटोप वाचवतं.

## टप्पा ९: तासाला आपोआप

मेनूत पीशेड्यूल आहे. त्यात नवं काम, दर तासाला, आणि आज्ञा म्हणून /रूट/ पासून सुरू होणारा स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता. नुसतं नाव दिलं तर टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट इथे चालत नाही, कारण आपोआप चालणाऱ्या कामाला आपले नेहमीचे रस्ते माहीत नसतात. त्याच कारणाने त्यातून खिडकी उघडायलाही जाऊ नका. ते काम फाइल लिहील, वाचायची आपण.

दर मिनिटाला चालवू नका. पुराच्या दिवसांत त्या सर्व्हरवर आधीच गर्दी असते.

तपासणी: 'पाणी' फाइल जीनीत उघडा, वरची वेळ बघा. तासाभराने परत बघा, वेळ पुढे सरकली पाहिजे. मग नेटची वायर काढून आणखी एक फेरी जाऊ द्या. "माहिती मिळाली नाही" आलं पाहिजे. ही शेवटची परीक्षा बहुतेक जण गाळतात, आणि नेमकी तीच पावसात लागते.

## टप्पा १०: प्रत

चालू पपीतून सेव्ह फाइलीची प्रत काढू नका. ती वापरात असते आणि प्रत अर्धवट निघते. संगणक पुन्हा सुरू करताना सुरुवातीच्या मेनूत 'सेव्ह फाइलशिवाय' असा पर्याय असतो, किंवा 'पीफिक्स=रॅम' असं लिहिता येतं. तसं सुरू करा. पपी नव्या कोऱ्या अवस्थेत येईल, घाबरू नका. आता पहिल्या पेन ड्राइव्हवरची सेव्ह फाइल दुसऱ्यावर उचला, त्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी घरी, वरच्या मजल्यावर ठेवायला द्या.